आमच्या दारातला चौकोन

आमच्या शेजारचे भाऊजी रस्ते खात्यात नोकरीला आहेत. गल्लीतला काँक्रीटचा रस्ता चाळीस वर्षांचा, जागोजागी उखडलेला. यंदा दुरुस्ती ठरली, म्हणून त्यांनी हातोडीने एकेक चौकोन ठोकून पाहिला. पोकळ वाजला की लाल रंगाची फुली. फुली म्हणजे फोडून नवा करायचा.

आमच्या दोन घरांसमोरचा चौकोन तर नुसता डुगडुगतो. त्यावरून स्कूटर गेली की धाड-धाड आवाज होतो आणि माझी दुपारची झोप मोडते. दोन वर्षं मी भाऊजींच्या कानीकपाळी ओरडतेय. उत्तर ठरलेलं, "बघू, वहिनी." आज त्यांनी अख्ख्या गल्लीत फुल्या मारल्या आणि नेमका हाच कोरा सोडला. माझं डोकंच सणकलं.

"भाऊजी, हा काय तुमचा जावई आहे का?"

ते हातातल्या ब्रशकडे बघत राहिले. "हा वाजला की तिला कळायचं, मी आलो. बेल कधी वाजवावीच लागली नाही, वहिनी. दार उघडलेलं असायचं."

त्यांची बायको, माझी जिवाभावाची मैत्रीण, जाऊन तीन वर्षं झाली.

त्यांनी खाली वाकून फुली मारली. मग कोपऱ्यावर लावलेली आपली स्कूटर सुरू केली आणि नेहमीच्या वेगाने त्या चौकोनावरून आणली. धाड-धाड.

थोडा वेळ ते दाराकडे बघत स्कूटरवरच बसून राहिले. मग खिशात घराची किल्ली शोधू लागले.