रेखाच्या गाडीला बर्फाचे टायर

पोळ्या लाटणाऱ्या बायकांकडे इतके किस्से कुठून येतात, असं मला एकानं विचारलं. म्हटलं, बाबा रे, दोन्ही हात पिठात असतात, फोन धरता येत नाही. मग चालणार काय? तोंड! दिवसभरात पोळ्यांची चळत जेवढी उंच होते ना, तेवढीच किश्शांची. पोळ्या संध्याकाळपर्यंत संपतात, किस्से मात्र राहतात.

इथं परदेशात, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका दुकानाच्या मागच्या किचनमध्ये आम्ही तिघी आहोत. मी, मंदा आणि रेखा. रेखा नागपूरची, सगळ्यात नवी. तिचे मिस्टर विलासराव सॉफ्टवेअरमध्ये होते. मे महिन्यात त्यांना झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. सगळ्या भाषेतून एकच शब्द शिल्लक राहिला, "नको". चहा घेता का? "नको." आणि डावा हात कपाकडे!

बोलायला शिकवणारी थेरपिस्ट आठवड्यातून तीनदा, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिनं रेखाला स्पष्ट सांगितलं, पहिलं वर्ष फार मोलाचं, खाडा करू नका. परक्याच्या गाडीत विलासराव बसेनात. दाराला धरून "नको, नको". म्हणून रेखानं वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी लायसन्स काढलं, सप्टेंबरात. आणि नोव्हेंबरात बर्फ आला! गाडी त्यांची जुनी, छोटी, पुढची दोन चाकं ओढणारी. ती बर्फात चालली तर थेरपी, नाहीतर जन्मभर "नको". एवढं ध्यानात ठेवा आणि मग खुशाल हसा.

*

पहिल्या बर्फाच्या दिवशी मी रेखाला विचारलं, "टायर बदललेस?"

"कशाला ताई? आहेत ना ऑल सीझन. हिवाळा काय सीझन नाही का?"

लॉजिक बरोबर होतं हो, पण ते बर्फाला कोणी सांगायचं?

दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानाजवळच्याच सिग्नलला ती थांबली. सिग्नल हिरवा झाला. रेखानं ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरागरा फिरताहेत, इंजिन ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी! मागे सिटी बस. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग आणखी मोठा दिला, शेवटी बसमधली चार माणसं उतरली आणि ढकलायला लागली. रेखा काच खाली करून "सॉरी, सॉरी" म्हणतेय.

ढकलणाऱ्यात एक गुजराती काका होते. ते खिडकीशी आले, तिच्याकडे नीट बघितलं आणि हिंदीत म्हणाले, "अरे, आप तो वो रोटीवाली बहेन! आज मेथी का कुछ है क्या?"

*

त्यावर आम्ही आठवडाभर हसलो. नंतर जे झालं त्यावर कोणी हसलं नाही.

थेरपीहून येताना स्टॉपची पाटी आली. रेखानं ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही, घसरत घसरत पाटी ओलांडून चौकाच्या मध्यावर गेली. बाजूनं काही आलं नाही हे देवाचे उपकार. विलासरावांनी डाव्या हातानं तिची बाही घट्ट धरली, ती घरी येईपर्यंत सोडली नाही.

पुढच्या वेळी ते गाडीत बसलेच नाहीत. "नको." या वेळी तो "नको" खरा होता. एक खाडा झाला. मग दुसरा.

रेखा किचनमध्ये येऊन कणीक मळायला लागली ती मळतच बसली. मंदा म्हणाली, "अगं, पुरे, त्या कणकेनं काय घोडं मारलंय?"

तेव्हा मी सांगून टाकलं, "रविवारी टायर घ्यायचे. बास!"

*

पण आपली माणसं असं सरळ दुकानात जातात का? आधी सल्ला घ्यायचा!

आमच्याकडून रोज डबा नेणारा अनिकेत, पुण्याचा, आयटीवाला. मुलगा सज्जन. रेखाची अडचण ऐकून मला म्हणाला, "मावशी, टेन्शन नको. मी ॲनालिसिस करतो." तीन दिवसांनी लॅपटॉप घेऊन किचनमध्ये हजर. एक्सेलमध्ये सत्तावीस टायर! कोरड्या रस्त्यावर ब्रेक, ओल्या रस्त्यावर ब्रेक, बर्फावर ब्रेक, आवाज किती, झीज किती. हिरवे, पिवळे, लाल रंग भरलेले, रांगोळीच जशी.

रेखानं विचारलं, "मग मी कुठला घेऊ?"

"तसं बघितलं तर काकू, इट डिपेंड्स."

मी लाटणं खाली ठेवलं. "अनिकेत, तुझ्या गाडीला कुठले आहेत?"

त्यानं लॅपटॉप मिटला. "मावशी, मी वर्क फ्रॉम होम करतो ना..."

*

एक झालं की दुसरा. रेखाचे दीर लांब दुसऱ्या राज्यात, पिस्कॅटवेला असतात. त्यांचा फोन आला. "वहिनी, चार कशाला? गाडी पुढची चाकं ओढतात. पुढे दोन टाका, मागचे असू द्या. सिंपल!"

रेखाला पटलं. मंदालाही पटलं. मग मला माझी लाज उघडी करावी लागली.

माझे वडील बैलांना पत्र्या मारायचे, खुरांना लोखंडी नाल. चारही पायांना मारायचे. पुढच्या दोन पायांना पत्र्या मारून बैल घाटाला सोडलेला मी जन्मात बघितला नाही. आणि हीच मी, इथं आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या छोट्या गाडीला फक्त पुढे दोन बर्फाचे टायर घालून मोकळी झाले! फार हुशारी केली असं वाटत होतं. गाडी निघायची झोकात. अडचण थांबताना होते हे मला कोण सांगणार?

देवळाच्या पार्किंगमध्ये वळले आणि जरा ब्रेक लावला. पुढच्या चाकांनी जमीन धरली, मागच्यांनी धरली नाही. मागचा भाग निघाला पुढे यायला! गाडी गर्रकन फिरली, देऊळ एकदा माझ्या उजवीकडून गेलं, मग डावीकडून गेलं, आणि गाडी आधी जिकडे तोंड होतं तिकडेच तोंड करून थांबली. मी स्टिअरिंगला मिठी मारून बसलेली.

पुजारी पायऱ्यांवरचा बर्फ काढत होते. फावडं खांद्यावर टाकून शांतपणे जवळ आले. म्हणाले, "प्रदक्षिणा झाली बाई. आता आत येऊन प्रसाद घ्या."

रेखानं तिथल्या तिथं दिरांना फोन लावला. "भाऊजी, चार घेते."

*

रविवारी आम्ही तिघी टायरच्या दुकानात. काउंटरमागे पिकल्या मिशांचा माणूस. मंदाचं इंग्रजी आमच्यात बरं, पण ती दुकानात शिरल्याबरोबर गप्प होते. मग मीच पुढे झाले. मला इंग्रजी वाचता येत नाही. पण अनिकेतच्या त्या अख्ख्या रांगोळीतून मी एकच गोष्ट उचलली होती. खऱ्या बर्फाच्या टायरवर डोंगराचं चित्र असतं, तीन सुळक्यांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाचं फूल.

त्यानं पहिला टायर दाखवला. स्वस्त आहे, स्टॉकमध्ये आहे, यावर एम आणि एस लिहिलंय, म्हणजे स्नोमध्ये चालतो म्हणाला.

मी वाकून टायरच्या कडेवरून सगळीकडून बोट फिरवलं, भांडं विकत घेताना फिरवतो तसं. म्हटलं, "माउंटन? व्हेअर माउंटन?"

त्यानं दुसरा टायर काढला. त्यावर डोंगर होता. मी रबर अंगठ्यानं दाबून बघितलं. पहिला कडक होता, हा मऊ. थंडीत जो मऊ राहतो तोच रस्ता धरतो, हे मला कोणी सांगायला नको. शिळी भाकरी कशाला चिकटते का?

"तुम्ही टायरच्या बिझनेसमध्ये आहात?" त्यानं विचारलं.

म्हटलं, "नो. चपाती."

एवढ्यात मंदाला कंठ फुटला. तिनं रेखाला खुणावलं, रुंद टायर घे, रुंद जास्त धरतो. तो माणूस मान हलवायला लागला. नाही म्हणाला, छोट्या गाडीला अरुंदच चांगला, अरुंद टायर बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत जातो, रुंद वरच तरंगतो. गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर चालणारे साइज लिहिलेले असतात, त्यातला अरुंद घ्या.

मंदा वजनदार बाई आहे. ती जी उसळली! "घ्या! सासू म्हणाली बारीक हो, डॉक्टर म्हणाला बारीक हो, आता टायरवालाही तेच सांगतोय!"

*

चार नवे टायर चढले. जुने चार ठेवायचे कुठं? रेखाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, गॅरेज नाही, तळघर नाही. शेवटी हॉलमध्येच दोन-दोनच्या दोन चळती केल्या, बेडरूमच्या दारापासून सोफ्यापर्यंतच्या वाटेवर. वर जुन्या साड्या टाकल्या. एकीवर मनीप्लँट, दुसरीवर रिमोट.

विलासराव वॉकरला हात लावायचे नाहीत. अपमान वाटायचा. पण त्यांना रिमोट लागतो! दोन दिवसांनी रेखानं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं तर हे पलंगावरून उठलेले, डावा हात एका चळतीवर, मग पुढे वाकून दुसऱ्या चळतीवर, मग सोफा. माणूस एकटा हॉलभर चालून आलेला! मनीप्लँट आडवा. तो कोण बघतो?

घरी येणाऱ्या फिजिओवाल्यानं पुढच्या आठवड्यात पाय तपासले आणि खूश होऊन विचारलं, "घरी कुठलं इक्विपमेंट घेतलंत?"

रेखा म्हणाली, "ऑल सीझन."

*

पाय सुधारत होता, पण तोंडात तेच, "नको". आणि गाडीला तर ठामच "नको". बोलण्याच्या थेरपीचे सहा खाडे झाले होते.

त्या आठवड्यात मी आणि रेखा रोज काम संपल्यावर एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये जायचो. टायरवाल्यानंच सांगितलं होतं, रिकाम्या जागी मुद्दाम ब्रेक दाबून बघा, गाडी कशी थांबते ते पायाला कळू द्या. रेखा दाबायची, मी मागे बसून ओरडायचे. "दाब! अजून दाब! नवऱ्यावरचा राग काढ!" ती म्हणायची, "ताई, माझा नाही ना राग त्यांच्यावर." म्हटलं, "मग देवावरचा काढ." तेव्हा जे तिनं दाबलंय! गाडी सरळ रेषेत थांबली. जराही हलली नाही.

गुरुवारी सकाळपासून बर्फ पडत होता. मी रेखाकडे गेले. विलासराव खाली दारात उभे, कोट घातलेला, टोपी घातलेली आणि चौकट धरलेली. "नको."

रेखा रडकुंडीला आली होती. मला काही रडता येत नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "विलासराव, तुमच्या बायकोनं तुमच्यासाठी काय काय केलंय ते मी बघितलंय. तुम्हाला 'नको' म्हणायचंय ना? म्हणा. पण गाडीत बसून म्हणा!"

माझ्याकडे जे रागानं बघितलं त्यांनी! पण बसले.

मी मागे. रस्ता पांढरा, कडेला एक भलीमोठी जीप खड्ड्यात तोंड घालून उभी. विलासरावांचे डोळे गच्च मिटलेले. पहिला सिग्नल लाल. रेखानं ब्रेक दाबला, गाडी थांबली. दुसरा सिग्नल. थांबली. तिसऱ्याला त्यांनी एक डोळा उघडला. पाचव्यापर्यंत दोन्ही उघडले होते आणि ते रस्ता बघत होते, स्पीड बघत होते, आरसा बघत होते. अठरा वर्षं हीच गाडी त्यांनी स्वतः चालवलेली.

थेरपीच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. गल्लीत चिटपाखरू नाही, ताजा बर्फ पडलेला. रेखा इतकी जीव मुठीत धरून होती की वळायच्या नादात विसरली आणि तशीच उजवीकडे वळली.

"इं..."

मला वाटलं खोकले.

"इंडि... इंडिकेटर!"

रेखाचे हात स्टिअरिंगवर तसेच. हळूच म्हणाली, "काय म्हणालात?"

विलासराव कपाळाला आठ्या घालून, चांगले चिडून, "इंडिकेटर!"

समोर थेरपीचं गेट आलं. रेखानं ते सोडून दिलं.

"अगं बाई, गेट मागे गेलं!" मी ओरडले.

तिनं ऐकलं नाही. डोळे पुसले, सरळ पुढे गेली, आणि पुढच्या कोपऱ्यावर परत उजवीकडे वळली. इंडिकेटर न देता!