कानवाल्या काकांची सळई

आमच्या पाणीखात्यात नकाशे माझ्याकडे आणि गळती कानवाल्या काकांकडे, अशी वाटणी चौदा वर्षं चालली. लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं, हे त्यांचं काम. ते दाखवतील तिथेच खणायचं. गळती शोधायचं मशीन घ्यायचं दोनदा ठरलं, दोन्ही वेळा साहेबच म्हणाले, काका असेपर्यंत कशाला? काका माणूस चिडका. जवळून कुणी चपला वाजवत गेलं तरी खेकसायचे. मीही काही कमी नाही, त्यामुळे आमचं छान जमायचं.

यंदा उपनगराचा वीस वर्षांचा पाणी आराखडा माझ्या गळ्यात पडला. टेकडीवरच्या वस्तीचं गणित काही केल्या जुळेना. शंभर बादल्या सोडल्या तर मीटरवर बासष्टच दिसायच्या. काकांनी दोन दिवस सळई लावून अहवाल दिला, गळती नाही. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मग लोकच चोरून पाणी ओढतात, असं मी ठोकून दिलं आणि तिथलं दोन तासांचं पाणी एक तासावर आणायची शिफारस केली. वस्तीतल्या बायका ऑफिसात येऊन भांडल्या. एक तर तान्हं पोर कडेवर घेऊन आली होती. मी तिलाही चार शब्द सुनावले. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

शुक्रवारी आराखड्यावर सह्या व्हायच्या होत्या. गुरुवारी दुपारी काका माझ्या टेबलापाशी येऊन बसले आणि उगाच सळई पुसत राहिले. मग त्यांनी घरची गोष्ट सांगितली. सकाळी ते पेपर वाचत होते, पाठीमागे नळ धो धो वाहत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. काकूंनी येऊन तो बंद केला आणि म्हणाल्या, जगाची गळती शोधता, घरात मात्र दिव्याखाली अंधार. त्या हसल्या. काकांना काही हसू आलं नाही.

"मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "वर्ष झालं असेल. समोरच्याचं बोलणं ओठांवरून कळतं, एवढंच. टेकडीवर काहीच ऐकू आलं नाही, म्हणून लिहिलं, गळती नाही."

मी भडकले. वर्षभर गप्प का बसलात, विचारलं. निवृत्तीला सात महिने उरलेत, ते म्हणाले, आणि कान गेलेला कानवाला कोण ठेवणार? त्यांनी अहवाल मागून घेतला, 'गळती नाही' खोडून 'मला ऐकू आलं नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. मग आम्ही टेकडीवर गेलो.

चढावर त्यांनी सळई माझ्या हातात दिली. चार जागी काही नाही. पाचव्या जागी, चहा उकळण्याआधी पातेलं करतं तसा बारीक आवाज आला. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. बारीक की जाड, एकसारखा की तुटक, असं ते विचारत गेले, मी सांगत गेले, आणि त्यांनी खडूने फुली मारली. संध्याकाळपर्यंत अशा तीन फुल्या झाल्या. पर्समधली शिफारस काढून मी तिथेच उभ्या उभ्या फाडली.

निघताना काकांनी सळई मागून घेतली, शेवटच्या फुलीवर टेकवली आणि डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ झाला. मला राहवेना. मी खांद्याला हात लावला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"येतंय का काका, काही?"

"नाही," ते म्हणाले. "पण तू सांगितलंस ना, तसाच असायचा आवाज."