दादाचा निकेलचा आकडा

लोक तिला पत्रेबाई म्हणत. छपरावरचे पत्रे नव्हेत हो, निकेलचे, कांद्याच्या सालीसारखे पातळ. त्यांच्यावर न्यूट्रॉन सोडायचे आणि किती गिळले ते मोजायचं, हा तिचा उद्योग. अणुभट्टीच्या पोलादात निकेल असतं. ते न्यूट्रॉन किती खातं हे कळल्याशिवाय भट्टीचं गणित बसत नाही. इतकी वर्षं ते बसत होतं तिच्या थोरल्या भावाच्या आकड्यावर. दादाने उमेदीची सगळी वर्षं त्या एका आकड्यापायी घातली, लग्नसुद्धा राहून गेलं. आता तो अंथरुणाला खिळला होता, आणि त्याचा आकडा पुन्हा तपासायचं काम आलं बहिणीच्याच वाट्याला. नशीब बघा!

पद्धतही त्यानेच शिकवलेली. पत्रा तोलायचा, मग बोटांचा मळ जावा म्हणून आम्लात बुचकळायचा, मग न्यूट्रॉनपुढे धरायचा. एकदा तिने धुतल्यावर पुन्हा तोलला, आपली खात्री म्हणून. वजन घटलेलं. आम्ल मळाबरोबर धातूही खात होतं. म्हणजे दादा धरत होता त्याहून पत्र्यात निकेल कमीच असायचं, आणि म्हणून निकेल न्यूट्रॉन कमी खातं असं त्याला जन्मभर वाटलं. तिने आधी धुऊन, मग तोलून सगळं नव्याने मोजलं. आकडा वर गेला.

संध्याकाळी ती दादाला भरवायला बसली. घास तोंडाशी नेला तर तो म्हणाला, "आकडा जुळला का?"

"जुळला की." मरणाच्या दारातल्या माणसाला दुसरं काय सांगणार, कपाळ!

दादा हसला. बऱ्याच दिवसांनी त्याने आपणहून दोन घास खाल्ले. मग म्हणाला, "पत्रा धुतलास ना नीट? धुण्यात तू पहिल्यापासून आळशी."

"धुतला रे. धुऊनच तोलला."

बोलली आणि तिने जीभ चावली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात तो असा. दादा चावायचा थांबला. जन्म त्यात गेलेला माणूस तो, त्याला कितीसा वेळ लागणार?

"आधी का धुतलास?"

ती ताटातला भात उगाच कालवत बसली.

"आम्ल धातू खातं होय," तो हळूच म्हणाला. "मग जुळेल कसा, वेडे? खरा सांग."

तिने सांगितला. त्याने पुन्हा सांगायला लावला, ओठ हलवत पाठ करून घेतला. तिला रडू आवरेना.

"छापायला पाठव," तो म्हणाला. "माझा खोडायला सांग."

तिने घास पुढे केला.

"नको आता," म्हणून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर त्याने अन्नाला तोंड लावलं नाही.