धोंड्याच्या महिन्यातला मिक्सर

मी आता कुणाच्याही मालाला नावं ठेवत नाही. भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली तरी गुमान पिशवीत टाकतो, आणि घरी येऊन बोलणी खातो. लोकांना वाटतं, वयानं माणूस शांत झाला. शांत कशाचा! आयुष्यात एकदाच मी एका विक्रेत्याची चारचौघांत तक्रार केली, आणि पुढच्या आठ दिवसांत मला त्याचे पाय धुवावे लागले. (पाणी कोमट लागतं. मी गार नेलं होतं, म्हणून मायनं परत पाठवलं.)

तेव्हा बीडमध्ये इंटरनेटची दुकानं नुकतीच निघाली होती. स्टँडमागं सलीमभाईचं दुकान होतं. आधी तो तिथंच रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा. मग पाटी बदलली आणि कॉम्प्युटर आले, पण खुर्च्या त्याच राहिल्या. मी कोर्टात कारकून. दिवसभर लोकांची भांडणं फायलीत लावायची आणि संध्याकाळी सलीमभाईकडं जाऊन जग बघायचं, असा माझा क्रम होता. जग म्हणजे काय, तर एक बाजाराची साइट. तिच्यावर सुईपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं विकायला असायचं. मी रोज बघायचो आणि काही न घेता घरी यायचो.

घरी सुनंदाचं मनगट धरलं होतं. सुनंदा म्हणजे आमची मंडळी. लग्नापासून पाट्यावर वाटून वाटून उजव्या हाताची पार वाट लागली होती तिच्या. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सांगितलं, वाटण बंद. घरी आल्यावर मायनं तेवढंच विचारलं, "मंग खायचं काय?" सुनंदानं पट्टी सोडून ठेवली आणि चटणी वाटायला बसली. मला फार वाईट वाटलं. चटणी नेहमीसारखीच झाली होती, मी दोनदा मागून घेतली, आणि त्याचं तर आणखीच वाईट वाटलं.

मिक्सर आणायचं ठरलं. गल्लीच्या तोंडाशीच बशीरभाईंचं भांड्यांचं दुकान होतं. तिथं मिक्सर हात लावून बघता यायचा, चालवून बघता यायचा, बिघडला तर बशीरभाईंच्या डोक्यावर नेऊन आपटता यायचा. एवढ्या सोयी असल्यामुळं मला तो नको होता. मला साइटवरचा पाहिजे होता. विक्रेत्याचं नाव होतं 'ग्लोबल किचन सम्राट'. फोटोत मिक्सरशेजारी एक गोरी बाई हसत उभी होती.

"आवं, ती बाई हसायली म्हनून मिक्सर चांगला असतो का?" सुनंदा म्हणाली.

"तुला कळत नाही. जग कुठं चाललंय बघ."

"जग जाऊ द्या की. बशीरभाई हितंच हायत."

सलीमभाईनं त्याच्या साडूच्या कार्डावरून पैसे भरायची व्यवस्था लावली, आणि बरेच दिवस वाट बघायला लावून पार्सल आलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर डिंक सांडला होता. मिक्सर दिसायला देखणा. मायनं त्याला हळदकुंकू लावलं, मी नारळ फोडला. भांड्यात शेंगदाणे घालून बटण दाबलं. मिक्सर गुंऽऽ असा कण्हला. शेंगदाणे थंडी वाजल्यासारखे थोडे हलले आणि परत बसले. मग जळका वास सुटला आणि गुंऽऽ पण बंद झालं.

"झालं का बारीक?" मायनं खोलीतून विचारलं.

सुनंदानं भांड्यातले शेंगदाणे काढले, पाट्यावर ओतले आणि बसली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर परवडलं असतं.

मी सम्राटाला फोन लावला. पलीकडून हिंदीत आवाज आला, "सर, हेड ऑफिससे बात करके बदलून देंगे." पुढच्या खेपेला "मॅनेजर टूरपे है, बदलून देंगे." त्यानंतर "सर, माल रास्तेमें है." कुठल्या रस्त्यात होता कोण जाणे! दर फोनला माझा आवाज चढायचा आणि आतून पाट्यावर वरवंटा घासल्याचा आवाज यायचा. शेवटी त्यानं माझा फोन उचलणंच सोडलं.

"साहब, इसका एक इलाज हाय," सलीमभाई म्हणाला. त्या साइटवर अशी रीत होती, की घेणाऱ्यानं विकणाऱ्याबद्दल दोन शब्द लिहायचे आणि विकणाऱ्यानं घेणाऱ्याबद्दल. चांगलं असलं तर हिरवी खूण, वाईट असलं तर लाल. सगळ्या जगाला दिसणार. "लाल निशान लावा. धंद्यावाला लालला लई घाबरतो."

एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या तक्रारी फायलीत लावल्या होत्या. आता स्वतःची लिहायला मिळणार म्हटल्यावर माझा हात सुटला. "लिही, सदर विक्रेत्याने दिशाभूल करून, सदर यंत्र हे चालू स्थितीत असल्याचे भासवून, अर्जदाराच्या पत्नीच्या मनगटास..."

"डब्बा भर गया साहब," सलीमभाईनं सांगितलं. "इतकं बसत नाही. छोटं बोला."

बरीच काटछाट केली. अर्जदार गेला, सदर गेला, मनगट पण गेलं. उरलं ते असं: 'माल खराब. माणूस खोटा. कुणी घेऊ नका.' शेजारी लाल खूण. मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं, सलीमभाईला चहा पाजला आणि छाती काढून घरी आलो.

दोन दिवसांनी कोर्टातून आलो तर माय फोनवर. पदर सावरून, खुर्चीच्या काठावर टेकून बोलत होती. पाहुण्यांशी बोलताना ती अशी बसते.

"हिंदी कावून बोलायलात? मराठी येत न्हाई का? ... येतंय न्हवं, मंग! कोन गावचे तुमी? ... घाटनांदूर? अगं माय! घाटनांदूरला कुनाचे? ... आन् सासुरवाडी?"

मी दारातच थांबलो. आमच्या मायला कुणाचाही फोन आला, अगदी चुकून लागलेला आला, तरी गाव, आडनाव आणि सासुरवाडी विचारल्याशिवाय ती ठेवत नाही. या तीन प्रश्नांतून आजवर नातं न निघालेला माणूस मी बघितलेला नाही. बँकेच्या कर्जवाल्या पोरीला तिनं भाची करून ठेवली होती.

"शोभाचे मालक तुमी? आमच्या शोभाचे?" मायचा आवाज एकदम ओला झाला. "आवं, शोभा म्हंजी माझ्या चुलतभावाची लेक. तुमी तर आमचे जावई की! लग्नाला आमी आलतो, तुमी घोड्यावर होता, कसे ओळखताल."

ग्लोबल किचन सम्राट घाटनांदूरचा निघाला. मुंबई नाही, दिल्ली नाही. आमच्याच जिल्ह्यातला, बाजाराच्या बोळातल्या एका पत्र्याच्या खोलीत बसलेला. त्याचं नाव चंद्रकांतराव. ती लाल खूण काढा म्हणून विनवायला त्यानं फोन केला होता, कारण खूण दिसल्यापासून गिऱ्हाईक थांबलं होतं. पण मायच्या तिसऱ्या प्रश्नाला तो विनवायचं विसरला आणि "आत्या, आत्या" करायला लागला.

फोन ठेवून माय माझ्याकडं वळली. "जावायाला खोटा म्हनलास तू?"

"माय, त्यानं मिक्सर..."

"साऱ्या जगापुढं?"

"अगं, पण सुनंदाचा हात..."

"आधी जाऊन पुसून ये ते. आन् सोमवारी जावई जेवायला यायलेत. धोंड्याचा महिना हाय, ध्यानात हाय का?"

ध्यानात नव्हतं. इथंच माझा घात झाला. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना म्हणजे आमच्याकडं धोंड्याचा महिना. त्यात जावयाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, कणकेत पुरण भरून केलेले धोंडे तुपाबरोबर खाऊ घालायचे आणि आहेर करायचा. जावई म्हणजे साक्षात नारायण. आम्ही सगळे महादेवाची माणसं, पण जावयाच्या बाबतीत माय भेदभाव करत नाही. आणि नारायणाला मिक्सरबद्दल विचारत नसतात.

"म्या सांगून ठिवते," माय म्हणाली, "मिक्सरचं नावसुदीक निघाया नगं."

सलीमभाईनं खूण काढून दिली. दोघांनी संमती दिली तर निघायची म्हणे. चंद्रकांतरावांची संमती तर आधीच होती. काढताना सलीमभाई फक्त एवढंच म्हणाला, "रिश्तेदार निकला क्या?" मी मान हलवली. त्या दिवशी चहाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत.

सोमवारी पहाटेच सुनंदा पुरण वाटायला बसली. जावयाचं पुरण, तेव्हा जराही भरड चालणार नव्हतं. दर चार हातांनी ती थांबायची, मनगट दाबायची आणि परत वरवंटा धरायची. मला बघवेना. म्हटलं, सरक, मी वाटतो. बसलो पाट्यावर. थोड्याच वेळात पुरण माझ्या बनियनवर, भिंतीवर आणि थोडं पाट्यावर होतं, आणि माझी कंबर धरली होती.

"उठा," सुनंदा म्हणाली. "आता तुमाला पन पट्टी बांधायची का?"

"त्याला सोडणार नाही मी."

"तुमी? तुमी त्याचे पाय धुनार हाय." तिनं शांतपणे सांगितलं आणि वरवंटा ओढून घेतला.

चंद्रकांतराव शोभाला घेऊन अकराच्या एसटीनं आले. बारीक, बुजरा माणूस, इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडं बघून हसला तेव्हा त्याला घाम आला होता. मला वाटलं होतं, चांगला दांडगा लबाड असेल, निदान राग तरी धरता येईल. ताटात त्याचे पाय ठेवले, मी कोमट पाणी घातलं, पुसले, गंध लावलं. "राहू द्या, दाजी मी तुमचा, एवढं कशाला," तो पुटपुटला. "रीत आहे," मी म्हणालो. ज्याच्याबद्दल 'माणूस खोटा' असं लिहायला लावलं, त्याच्याच करंगळीचं पाणी मी टिपत होतो.

जेवायला बसले. धोंडे, त्यावर तुपाची धार. पहिला घास घेतल्यावर दाजींचा जीव जरा सैल झाला आणि ते बोलले.

"पुरन लई बारीक झालंय बघा. मिक्सरवर काढलं का?"

मी हातातला घास परत ताटात ठेवला. मायनं मला डोळ्यांनी जागीच दाबून धरलं. शोभा ताटातल्या धोंड्याकडं बघत बसली. दाजींना पण कळलं आपण काय बोललो, आणि त्यांचे कान लाल झाले.

"न्हाई दाजी," सुनंदा तूप वाढत म्हणाली. "पाट्यावरच. तुमी जेवा सावकाश."

जेवणं झाली. आहेराला दाजींना पाटावर बसवलं. मायनं कुंकू लावलं, मी टॉवेल-टोपी दिली, शोभाला साडी दिली. उठणार एवढ्यात सुनंदा आतून आली. हातात खोकं. खोक्यावर ती गोरी बाई हसत होती आणि तिच्या कपाळावर सुनंदानं ठसठशीत कुंकू लावलेलं. तिनं खोकं दाजींच्या मांडीवर ठेवलं.

"धोंड्याचं दान हाय, दाजी. नवंच हाय, एकदाच वापरलंय. न्हाई म्हनू नका."

दाजींनी मायकडं बघितलं. मी पण बघितलं. मायनं सुनेकडं बघितलं, सुनेच्या पट्टीकडं बघितलं. जावयानं धोंड्याचं दान नाकारायचं नसतं, हे घरात सगळ्यांना तिनंच शिकवलं होतं. मिक्सरचं नाव तर कुणीच काढलं नव्हतं.

"घ्या जावईबापू," माय शेवटी म्हणाली. "दिलेलं वापस करायचं नसतंय."

दाजी मिक्सर कडेवर घेऊन चारच्या एसटीत चढले. मी खिडकीतून टोपी आत दिली. ती पाटावरच विसरली होती.

दुसऱ्या दिवशी सुनंदा स्वतः बशीरभाईंकडं गेली. पदरात शेंगदाणे बांधून नेले होते. चार मिक्सर तिथंच चालवून बघितले, पाचवा घेऊन आली. मनगटाचं दुखणं हळूहळू उतरलं. बशीरभाई अजून मला बघितलं की विचारतात, "काय साहब, इंटरनेट काय म्हंतंय?"

बरेच दिवस मी सलीमभाईकडं फिरकलो नाही. एकदा सहज गेलो तर त्यानं हाक मारली. "साहब, तुमच्या नावावर काहीतरी आलंय." पडद्यावर माझं नाव होतं आणि त्याच्याशेजारी लाल खूण. खाली ग्लोबल किचन सम्राटानं लिहिलं होतं:

'माणसं चांगली. मिक्सर मिळाला, चालत नाही. तक्रारीला फोन केला तर आत्या जेवायला बोलावतात.'

मी दोनदा वाचलं. एक शब्दही खोटा नव्हता.

"निकालने का क्या?" सलीमभाईनं विचारलं. "त्याची संमती लागंल. नाहीतर खाली जवाब लिहिता येतो."

फोन करून संमती मागायची म्हणजे पलीकडून शोभा उचलणार, ती मायला सांगणार, आणि मी परत कोमट पाणी घेऊन उभा. मी खुर्ची पुढं ओढली. या खेपेला डबा भरला नाही. सलीमभाईनं लिहिलं, मी सांगितलं:

'पुढच्या धोंड्याच्या महिन्यात बदलून देऊ.'