गाडीनं वर यावं

बिसेनभाऊंना मागून हाक मारली तर ते मान वळवत नसत. हातातलं काम खाली ठेवत, पाय उचलत जागच्या जागी फिरत आणि अख्खेच्या अख्खे आपल्यासमोर उभे राहत. भिंतीला लागलेलं कपाट फिरवावं, तसे. १९९९ साली माझी बदली गोंदियाजवळच्या एका शाळेत झाली आणि मी कुडव्याला त्यांच्या समोरचं घर भाड्यानं घेतलं. पहिल्याच दिवशी, नळाला पाणी कधी येतं ते विचारायला मी त्यांना मागून हाक मारली. ते असे पुरते वळले आणि ताठ उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, शेजारी तुसडा मिळाला. मी नकळत एक पाऊल मागे सरले असणार.

"काऊन भेता, बाई?" ते म्हणाले. "मान नाही वळत माही. म्हनून मी सबन वळतो."

हिरालाल बिसेन टेलिफोन खात्यात लाइनमन होते. माणूस मूळचा गोरेगावकडचा, आई आली की तिच्याशी पोवारीत बोलणारा, बाजारात हिंदीत आणि आमच्याशी झाडीबोलीत. वय चाळिशीच्या आत. खांबावर चढणं हे त्यांचं काम, आणि चढण्यात त्यांचा हात धरणारा खात्यात कुणी नव्हता, असं त्यांच्या पत्नी सुनीताताई सांगत. पण तरुणपणीच कंबर धरायला लागली होती. सकाळी उठताना अंग लाकडासारखं व्हायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाठीचे मणके हळूहळू एकमेकांना चिकटत जाणार. गोळ्यांनी दुखणं कमी होईल, चिकटणं थांबेलच असं नाही.

"बाकी लोकायची पाठ म्हनजे तुकडे तुकडे," भाऊ म्हणत. "माही अखंड होऊन राहिली." हे सांगून ते हसत, आणि हसताना बरगड्या दुखत म्हणून हसणं मध्येच थांबवत.

मूलबाळ नव्हतं. घराला लागून पत्र्याची एक शेड होती, तिला ते गॅरेज म्हणत. तिथे त्यांची फटफटी असे. खात्यातल्या एका निवृत्त साहेबाकडून घेतलेली, जुनी, वजनदार, काळ्या टाकीची. तिला त्यांनी कधी दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागू दिला नाही. रविवारी सकाळी बुटक्या पाटावर बसून ते चेन धूत, ब्रेक कसत, ऑइल बदलत. सुनीताताई दारातून ओरडत, "या आता जेवाले, नाही त फटफटीसंगंच जेवा!" आतून उत्तर येई, "तिचंबी ताट वाढ."

एका रविवारी मात्र आतून उत्तरच आलं नाही. सुनीताताईंनी मला हाक मारली. आम्ही गेलो तर भाऊ पाटावर बसलेले, हातात पाना, चेहऱ्यावर घाम. त्यांना उठता येत नव्हतं. किती वेळ ते तसे बसले होते ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही दोघींनी काखेत हात घालून त्यांना उचललं. उभे राहिल्यावर ते भिंतीला धरून श्वास घेत राहिले आणि मग फटफटीकडे बघून म्हणाले, "मानूस वाकत नसन, त गाडीनं वर यावं."

मला ते बोलणं त्या क्षणापुरतं वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात ते गोंदियातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाड्या उचलायची लिफ्ट बघायला निघाले. एकट्यानं जाऊ देणार नाही, असं सुनीताताईंनी बजावलं, म्हणून माझी मोपेड घेऊन मी सोबत गेले. वर्कशॉपचा मालक हिंदीत बोलणारा, गमत्या माणूस होता. "घर में कौन लगाता है ये, भाईसाब? दुकान खोल रहे हो क्या?" त्यानं विचारलं.

"दुकान नहीं. कमर बंद हो गई," भाऊंनी सांगितलं.

मालकाचा चेहरा बदलला. त्यानं सगळं नीट दाखवलं. एक छोटा जॅक होता, इंजिनाखाली सरकवायचा. भाऊंनी तो पाहून नको म्हणून हात हलवला; तो सरकवायला खाली वाकावंच लागलं असतं. विजेवर चालणारी लिफ्ट होती, पण आमच्याकडे लोडशेडिंग इतकं, की गाडी वर गेली आणि लाइन गेली तर संध्याकाळपर्यंत वरच. उरली ती पायानं पंप मारायची. लोखंडी पाट, पुढचं चाक पकडायला शिकंजा, मागे उतरता फळा. उभ्या उभ्या पाय मारत राहायचं, की पाट कमरेइतका वर येतो.

ही किती वजन उचलते, किती उंच जाते ते मालक सांगत होता. भाऊ म्हणाले, "उतार के दिखाओ." त्यानं झडप सोडली तर पाट शेवटी दणकन आदळला. भाऊंना मान हलवता येत नव्हती, म्हणून त्यांनी बोटानं नाही म्हटलं. दुसरी एक लिफ्ट झडप सोडल्यावर पाणी मुरावं तशी खाली आली, आणि तिला वर असताना अडकवायची जाड पिनही होती, म्हणजे तेल गळलं तरी गाडी अंगावर येणार नाही. "हे आपली," ते मला म्हणाले.

घरी सुनीताताईंना हे अजिबात पटलं नव्हतं. टेम्पोतून लिफ्ट यायच्या आधी शेडमधली माती खणून काँक्रीट ओतावं लागलं, कारण मातीवर ती रुतली असती. गवंड्यानं घातलेल्या त्या ओल्या जमिनीवर रोज पाणी शिंपडताना त्या एकदा म्हणाल्या, "गाडी येईन वर. पन मंग तुमी तिच्यावर कसे बसान?"

तो प्रश्न त्यांच्या दोघांच्या मध्ये तेव्हापासूनच उभा होता.

लिफ्ट बसली त्या हिवाळ्यात मात्र मी भाऊंना जितकं खुशीत पाहिलं तितकं पुन्हा कधी पाहिलं नाही. फटफटी फळ्यावरून चढवायची, पुढचं चाक शिकंज्यात धरायचं, दोन्ही बाजूंनी पट्टे ताणायचे आणि मग पाय मारायचा. गाडी हळूहळू त्यांच्या छातीसमोर येई. मग ते तिच्याभोवती फिरत फिरत काम करत. इंजिनाचा खालचा भाग आपण कैक महिन्यांनी पाहिला, असं त्यांनी मला एखादा जुना नातेवाईक भेटल्यासारखं सांगितलं. गल्लीतले लोक आपापल्या गाड्या आणू लागले. माझी मोपेडही वर चढली. कुणी उत्साहानं गाडीखाली हात घातला की भाऊ गरजत, "पिन टाकली काय? पहिले पिन, मंग हात!"

पण सुनीताताईंचा प्रश्न काही सुटला नव्हता. कमरेचे सांधेही धरू लागले होते. पाय सीटवरून पलीकडे टाकायला त्यांनी अंगणात विटांचा ओटा करून घेतला. त्यावर उभं राहून, सुनीताताईंचा खांदा धरून, ते कसेबसे बसत आणि जवळच्या नागरा गावापर्यंत एक चक्कर मारून येत. खात्यानं तोवर त्यांना खांबावरून उतरवून टेबलावर बसवलं होतं. ती चक्कर एवढंच काय ते उरलं होतं.

एका सकाळी ते परत आले तेव्हा त्यांचा शर्ट धुळीनं भरला होता. नागऱ्याच्या रस्त्यावर वळताना बाजूनं सायकलवर येणारी शाळेची मुलगी त्यांना दिसलीच नव्हती. धक्का लागून ती पडली आणि गाडीसकट भाऊही. तिचं कोपर खरचटलं, एवढंच. धावत आलेल्या तिच्या बापानं उलट भाऊंनाच उभं केलं, धूळ झटकली, "होते असं, भाऊ" म्हणाला. मुलगी हसत घरी गेली.

भाऊ ओट्यावर उतरले आणि हँडल धरून उभे राहिले. मग मला म्हणाले, "मान वळत नाही त्याले रस्त्यावर जायचा हक नाही, बाई. आज खरचटलं. उद्या काय होईन?"

"आरसा लावून घ्या ना दोन्हीकडे," मी म्हटलं.

"आरशात मांगचं दिसते. बाजूचं लेकरू नाही दिसत."

त्या दिवशी त्यांनी फटफटी आत नेली, लिफ्टवर चढवली आणि वर घेतली. त्यानंतर ती रस्त्यावर आली नाही. कुणीही त्यांना बंदी घातली नव्हती. हा निकाल त्यांनी स्वतःच दिला आणि स्वतःच पाळला.

मला वाटलं, आता गाडी विकतील. लिफ्टही जाईल. पण दर रविवारी शेडमधून तोच पंपाचा आवाज येत राहिला. धावत नसलेल्या गाडीचं ऑइल बदललं जाई, न झिजलेले ब्रेक कसले जात. इंजिन सुरू करून ते कान देऊन ऐकत आणि बंद करत. वर्षं गेली. डोळे वरचेवर लाल होऊन दुखू लागले, तेव्हा काळा चष्मा लावून काम चाले. पाठ पुढे झुकत गेली आणि त्यांची नजर कायमची जमिनीकडे लागली. समोरच्याचा चेहरा पाहायला ते दोन पावलं मागे जात. शेवटी पंपावर पाय दाबायचीही ताकद राहिली नाही.

मग पंप सुनीताताई मारू लागल्या. ज्या बाईनं लिफ्ट घरात येऊ नये म्हणून भांडण केलं होतं, ती आता लुगडं खोचून एका हातानं खांब धरून पाय मारत असे आणि भाऊ सांगत असत, "हळू. आता पिन टाक. टाकली? मंग ये अलीकडं."

एकदा संक्रांतीला तिळाचे लाडू द्यायला गेले तेव्हा सुनीताताई स्वयंपाकघरात एकट्या होत्या. पायाला तेल चोळत होत्या. मी सहज म्हटलं, "ताई, कशाला इतका त्रास घेता? गाडी काही चालवायची नाही."

त्यांनी शेडच्या बाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मले नाही समजत काय, बाई? ते आता गाडीवर बसत नाही. डॉक्टरनं मले अलग घेऊन सांगतलं. पन त्याईले आस आहे. एक दिवस बसन म्हनते मनातल्या मनात. म्हनून मी पंप मारून राहिली. हे बंद केलं त त्याईच्याजवळ काय राहिलं?"

मी लाडूंचं ताट ठेवून शेडमध्ये गेले. भाऊ कार्बोरेटर पुसत होते, तो आधीच स्वच्छ होता. मी लाडू हातात दिला. त्यांनी चष्मा काढला, दोन पावलं मागे सरकून माझ्याकडे पाहिलं.

"सुनीता काय म्हनत होती तिकडं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पाय दुखतात म्हणत होत्या."

"दुखनारच." ते लाडू हातात तसाच धरून राहिले. "बाई, मले आस नाही. बहुत दिवसापासून नाही. हे गाडी अथीच गंजन आनि मीबी. पन सुनीताले वाटते, आज ना उद्या मी बसन. मी आता बसत नाही म्हनून सांगतलं, त ते बिचारी कायच्यासाठी उठन सकाळी? राहू द्या तिची आस. तिले सांगू नका."

मी सांगितलं नाही. त्यांनाही काही सांगितलं नाही. दोघांचं दोघांजवळच राहू दिलं. पुढच्या रविवारी पंपाचा आवाज आला तेव्हा मी माझ्या अंगणात तांदूळ निवडत होते, आणि त्या आवाजाचं काय करावं ते मला कळेना.

त्यानंतरचे हिवाळे त्यांना जड गेले. बरगड्या ताठ झाल्यामुळे छाती फुलत नसे, श्वास वरच्या वर चाले. साधी सर्दी झाली तरी महिनाभर उतरत नसे. २०११च्या थंडीत सर्दीचा न्यूमोनिया झाला. गोंदियाच्या दवाखान्यात त्यांना उताणं झोपवता येत नव्हतं, इतकी पाठ वाकलेली होती. उशांवर उशा रचून अर्धवट बसवलं होतं. मी गेले तेव्हा ते बोलण्याच्या पलीकडे होते. सुनीताताई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होत्या, "बरे व्हा लवकर. गाडी धूळ खाऊन राहिली." त्यांनी डोळे मिटूनच हुंकार दिला. दोन दिवसांनी ते गेले.

फटफटी गोरेगावचा धाकटा भाऊ घेऊन गेला. लिफ्ट मात्र कुणालाच नको होती. ती काँक्रीटमध्ये बोल्टांनी बसवलेली, काढायची म्हणजे जमीन फोडायची. तेरवीनंतर पाहुणे पांगले, तेव्हा सुनीताताई आणि मी शेडच्या दारात उभ्या होत्या. आत रिकामा पाट खाली बसलेला होता. त्या रडत नव्हत्या. थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "एक बरं झालं, बाई. त्याईची आस शेवटपावतो नाही तुटली. मी तुटू नाही देली."

त्या माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "नाही तुटली."