भुईगावची संशयास्पद बाई

अख्ख्या वसई तालुक्यात तिच्याइतकी संशयास्पद बाई दुसरी झाली नाही आणि होणार नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः तिच्या ओट्यावर पदर खोचून उभी राहिले आहे आणि "माझा नवरा बाहेर काढा!" असे ओरडले आहे. त्या वेळी माझी पासष्टी उलटली होती, आणि ज्या नवऱ्यासाठी मी घसा फोडत होते त्याला गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय जिना उतरता येत नव्हता. अशा माणसाला कुणी पळवून नेईल असे वाटण्याइतकी मी तेव्हा तरुण होते. त्याला आता तीन वर्षे होतील. जरा वयात आले आहे.

झाले असे, की आमचे हे दर बुधवारी जेवण झाले की इस्त्रीचा शर्ट घालून "जरा जाऊन येतो" म्हणू लागले. निवृत्त माणसाचे 'जरा जाऊन येणे' म्हणजे बँक, न्हावी नाहीतर रक्ततपासणी, आणि तिन्हीला इस्त्री लागत नाही. संध्याकाळी परत येत ते हातात केळ्यांची फणी घेऊन. कुठून आणली विचारले तर म्हणत, "मिळाली." आमच्या गोखिवऱ्यात आजवर कुणाला केळी 'मिळाल्याचे' मी ऐकलेले नाही; तिथे कढीपत्तासुद्धा आता कुणी भाजीवर फुकट टाकत नाही. मग एका बुधवारी मीही चप्पल घातली. हे स्टेशनच्या पश्चिमेकडून पालिकेच्या बसमध्ये चढले आणि मी मागच्या रिक्षात. रिक्षावाला म्हणाला, "आजी, बसच्या मागंच जायचंय तर बसमध्येच बसा की. पैसे वाचतील." मी म्हटले, "तू बसकडे बघ, माझ्याकडे बघू नकोस." पुढे अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि एका कुंपणाशी आमच्या ह्यांची छत्री आत वळताना दिसली. फाटकावर पाटी होती: 'मेंदूच्या वेगळेपणाचा मान राखणारे, आघाताची जाण ठेवणारे समुपदेशन. व्यक्ती व जोडपी.' त्यातले पहिले सगळे माझ्या डोक्यावरून गेले. 'जोडपी' मात्र बरोबर कळले. दिवसाढवळ्या जोडपी आत घेतात आणि वर पाटी लावतात!

ओट्यावर ह्यांच्या चपला होत्या. डाव्या चपलेचा अंगठा मीच गोखिवरे नाक्यावर शिवून आणलेला. मी आरडाओरडा सुरू केला, तशी आतून पन्नाशीची एक बाई आली. सुती झगा, केस आखूड, गळ्यात बारीक क्रूस. माझे बोलणे संपेपर्यंत ती शांतपणे उभी राहिली, पण माझ्याकडे न बघता माझ्या कानामागे दिसणाऱ्या सुपारीच्या झाडाकडे बघत. मी दम घ्यायला थांबले, तेव्हा तिने विचारले, "झालं, की अजून आहे?"

"माझा नवरा आत आहे की नाही?"

"माझ्याकडे कोण येतं ते मी कुणाला सांगत नाही."

"मग या चपला कुणाच्या?"

"मला माहीत आहे. सांगणार नाही."

भांडणात समोरचा खोटे बोलला तर बरे असते, पकडता येते. ही बाई खरे बोलून वर दार अडवत होती. "तुम्हाला पाणी हवं, बसायला हवं, की एकटीला राहायचंय?" तिने विचारले. उडप्याच्या हॉटेलातला पोऱ्या विचारतो तसे. मी म्हटले, "मला माझा नवरा हवा." ती म्हणाली, "ते माझ्या यादीत नाही," आणि आत गेली. तेवढ्यात खिडकीच्या जाळीतून ओळखीचा खोकला ऐकू आला. त्या खोकल्याला लाज वाटत होती, एवढे मला बाहेरूनही कळले.

घरी आल्यावर कळले, की फितुरी घरातच होती. ह्यांना पहिल्यांदा तिथे नेले होते आमच्या नातीने. ती कॉलेजात जाते आणि मला शहाणे करायचा तिने विडा उचलला आहे. म्हणाली, "आजी, काही माणसांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. त्यांना दुरुस्त करायचं नसतं, समजून घ्यायचं असतं. आणि काहींना मागे कधीतरी जबर धक्का बसलेला असतो. त्यांना आधी सुरक्षित वाटलं पाहिजे, मग बोलणं." मी म्हटले, "आणि तुझ्या आजोबांचं यातलं काय?" "ते त्यांनाच विचार." चाळीसेक वर्षे मी ज्यांना मीठ कमी आहे का एवढेच विचारले, त्यांना एकदम हे कसे विचारायचे?

त्यानंतर ह्यांनीच विचारले, "येतेस का पुढच्या वेळी?" मी लगेच हो म्हटले. समेटासाठी नव्हे, पाळत ठेवायला. आणि त्या पाळतीत मला ती बाई जी काय दिसली, ती दर बुधवारी जास्तच संशयास्पद. एक तर तिच्या दाराला घंटा नाही. "घंटेनं मी दचकते आणि येणाराही दचकतो," म्हणे. आपण ओट्यावर बसायचे, ठरल्या वेळेला ती स्वतः येणार. आधी गेलात तरी बसा, आणि न कळवता गेलात तर तिचा चेहरा असा होतो, की जणू आपण तिच्या विहिरीत उडी टाकली आहे. "कशा आहात?" हे ती कुणालाही विचारत नाही, कारण "खरं उत्तर द्यायचं तर तास जातो, आणि खोटं ऐकून मी काय करू?" पंखा लावू का, खिडकी बंद करू का, मी बोलू का, सगळ्याला परवानगी. सासरी आल्या दिवसापासून मला कुणी इतके विचारले नव्हते. तेव्हा हिला माझ्याकडून नक्की काहीतरी हवे आहे, अशी माझी खात्री झाली. दुपारी ती रोज तेच खाते, पावात केळे. ख्रिसमसला गावात बँड वाजतो तेव्हा कानांवर ते मोठे हेडफोन चढवून केळीत जाऊन बसते. चर्चमध्ये फादरांचा माइक खरखरला की मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, दाराबाहेर उभी राहून ऐकते. मागच्या घरातून तिची म्हातारी आई त्यांच्या बोलीत तिच्यावर करवादते. त्यातले मला निम्मेच कळते, पण आईच्या करवादण्याला भाषांतर लागत नाही.

पहिल्याच दिवशी तिने मला सांगून टाकले, "मी डोळ्यांत बघत नाही. माझी घडणच तशी. पण ऐकते." मी मनात म्हटले, डोळ्यांत न बघणारा माणूस सरळ नसतो. मग लक्षात आले, आमचे हेही कुठे बघतात? लग्नानंतर कित्येक दिवस मला वाटे, यांना आपले नाक आवडलेले नाही.

तिच्या खुर्च्या समोरासमोर नाहीत. तिन्ही खुर्च्या ओळीने, तोंडे बावखलाकडे. बावखल म्हणजे बागेतले तळे. नवरा-बायकोचे भांडण सोडवायचे आणि दोघांना बदकांसारखे पाण्याकडे तोंड करून बसवायचे, ही कुठली तऱ्हा? त्यात कुणी काही बोलेना. तिला गप्प बसण्याचा कंटाळा नाही. दोन बुधवार आम्ही तिघे पाणी बघत बसलो. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम, तिला टोमणा म्हणून, भिजवून मोड आणलेले वाल आणि एक पातेले घेऊन गेले. म्हटले, "इथे काही होत नाही, निदान माझं बिरडं तरी सोलून होईल." तिला टोमणा कळलाच नाही. तिचा चेहरा असा उजळला, की जणू मी तिच्यासाठी सोने आणले. "हे फार छान आहे. मी सोलू का?" आणि ह्यांच्याकडे वळून, "तुम्ही?"

ह्यांनी जन्मात वाल सोलला नव्हता. पण हात लगेच बसला. साल सुटून दाणा टुणकन पातेल्यात पडे. पातेल्याचा तळ झाकला गेला तेव्हा हे पाण्याकडे बघत म्हणाले, "शिट्टीचं काही नाही. शिट्टीच्या आधी ते फुसफुसतं ना, ते."

आता कुकरचे सांगते. आमच्या घरात कुकर गॅसवर चढला, की हे घराबाहेर. हातातला पेपर टाकून, एकदा तर साबणाच्या अर्ध्या दाढीने, जिन्यात जाऊन उभे राहत आणि तिथून हाक मारत, "अगं, जरा बाहेर ये." दर वेळी. मी आतून ओरडे, "डाळ करपेल!" नवी नवरी असताना मला वाटले, माझ्या स्वयंपाकाच्या वासाने पळतात. मग वाटले, कामे चुकवतात. मग बाकीच्या बायका जिथे अबोला धरतात तिथे मी कुकर लावू लागले. ह्यांचा राग आला की वरणाला दोन शिट्ट्या जास्त, आणि माहेरचा विषय निघाला असेल तर वाटाणे. मला माझ्या या युक्तीचा अभिमान होता. शेजारणींना शिकवली होती.

वाल सोलता सोलता हे बोलत राहिले. लग्नाआधी सातिवलीला एका कारखान्यात होते. खोलीत सोबत राहणारा मित्रही तिथेच. एक दिवस बॉयलर फुसफुसायला लागला. हे फिटरला बोलवायला बाहेर धावले आणि दारातून मित्राला हाक मारली, जरा बाहेर ये. तो म्हणाला, एवढं बंद करून येतो. एवढेच बोलून हे थांबले. त्या बाईने "पुढे?" विचारले नाही, "सोडून द्या आता" म्हटले नाही. तिने फक्त आपल्या मुठीतले सोललेले वाल ह्यांच्या पातेल्यात टाकले. मला राहवले नाही. मी म्हटले, "अहो, एवढी वर्षं मला सांगितलं का नाही?"

हे पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "मला वाटायचं, तुला माहीत आहे. घरच्यांनी लग्नाच्या वेळी सांगितलं असेल. मला वाटायचं, सगळं माहीत असून तू येत नाहीस."

त्या दिवशीचे बिरडे मी उघड्या पातेल्यात, मंद आचेवर शिजवले. मला वाटले, झाले, कुकर आता माळ्यावर टाकायचा. पण त्या बाईचे तेही वेगळेच. "त्यांना विचारलंत का?" तिने विचारले. हे म्हणाले, कुकर राहू दे, नुसते आधी सांगत जा. आता मी सांगते, "अहो, लावतेय हं." मग हे सावकाश चप्पल घालून जिन्यात जातात. आणि हाक मारतात. सवयच ती.

मागच्या आठवड्यात मी एकटीच भुईगावला गेले. बुधवार नव्हता. न कळवता गेले म्हणून तिचा चेहरा विहिरीचा झाला, पण तिने खुर्ची सरकवली. अजूनही मला तिचा पुरता भरवसा नाही; जी बाई कधी डोळे पुसत नाही, पाठीवर हात ठेवत नाही, तिच्यापाशी सगळ्यांना रडू का येते, याचा छडा मला लागलेला नाही. मलाही आलेच. मी म्हटले, "बाई, काल ह्यांनी हाक मारली आणि मी गेले बाहेर. जिन्यात दोघं उभे राहिलो शिट्ट्या होईपर्यंत. ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी रुतली. जन्मभर बोलावत होते हो, आणि मी डाळ बघत बसले. आता या वयात जाऊन काय उपयोग?"

तिने पाणी हवे का विचारले नाही. बावखलाकडेच बघत म्हणाली, "त्यांनी हाक मारणं थांबवलं नव्हतं ना? मग तुम्हाला फार उशीर झालेला नाही. डाळ किती करपली, तेवढं सांगा."