पिकअपचा काटा आणि दादांचा कान

ऑइल प्रेशरचा काटा पहिल्यांदा पडला तो जेवळी गावाच्या पुढं. मागं टोमॅटोचे कॅरेट होते, सोलापूरचं मार्केट गाठायचं होतं. काटा एकदम तळाला गेला, लाल दिवा लागला, आणि मी गाडी कडेला घेईपर्यंत काटा पुन्हा जागेवर. खाली उतरून ऑइल बघितलं. भरलेलं होतं.

माल उतरवून येताना गाडी तशीच दादांच्या गॅरेजला लावली. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, त्यामुळे मला गाडी शिकवली ती त्यांनीच. लोहाऱ्यात डिझेल गाड्यांचं काम म्हटलं की लोक त्यांच्याकडंच यायचे. लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे, अशी त्यांची पद्धत. माझी पिकअपसुद्धा त्यांनी चार गाड्यांना असा कान लावूनच निवडली होती.

त्या दिवशी त्यांनी सेन्सर काढला आणि त्याच्या जागी हाताचं मीटर लावून गाडी चालू केली. प्रेशर भरपूर होतं.

"सेन्सर गेलाय. पंपाला काय झालं न्हाय," दादा म्हणाले.

नवा सेन्सर टाकला. आठ दिवस बरे गेले आणि काटा पुन्हा नाचायला लागला. कधी चढावर पडायचा, कधी सपाट रस्त्यावर, कधी दिवसभर हलायचाच नाही. दादांनी वायर बदलली, अर्थिंग घासून घेतलं, ऑइल आणि फिल्टर नवं टाकलं. मी गाडी गॅरेजला नेली की काटा शहाण्यासारखा जागेवर राहायचा. हाताचं मीटर लावलं तरी तेच.

मग इंजिनमधून आवाज यायला लागला. खालून, अगदी बारीक, लाकडावर बोटानं टकटक करावं तसा. मी दादांना सांगितलं. त्यांनी पेचकस टेकवला, डोळे मिटले. एवढा वेळ ऐकत राहिले की मलाच बरं वाटलं.

"काय न्हाय. चालव बिनघोर."

मला तर तो आवाज उभ्या उभ्या ऐकू येत होता. पण लहानपणापासून ज्यांच्या कानावर विश्वास ठेवला, त्यांच्यापुढं माझा कान काय? मी चालवत राहिलो. दोन आठवडे. शेवटी एकदा वैतागून त्यांच्या पाठीमागं उभा राहून बोललोच, "हात गेला तुमचा आता, दादा. कळंना झालंय तुमाला." ते पाना फिरवत राहिले. मागं वळलेसुद्धा नाहीत. मला वाटलं, गिळलं त्यांनी. मी रागातच निघून आलो.

नळदुर्गच्या अलीकडं इंजिन जाम झालं. कॅरेट दुसऱ्या गाडीत चढवले आणि पिकअप टोचन करून लोहाऱ्याला आणली. दादा गाडीखाली शिरले. इंजिनखालचं ऑइलचं चेंबर सोडलं. ऑइल ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते, तिच्यावर लाल रबरासारखे तुकडे चिकटले होते. मागं कधीतरी परगावी रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडून मी चेंबरची गळती काढून घेतली होती, तेव्हा त्यानं फटी बुजवायचं लाल सिलिकॉन हात सैल सोडून लावलं होतं. त्याचेच तुकडे सुटून जाळीवर बसत होते, गाडी थांबली की खाली पडत होते. म्हणून काटा पडायचा आणि उठायचा. बेअरिंग निघालं ते खरवडून तांबं दिसायला लागलेलं. दादांनी ते तळहातावर घेतलं.

"ह्येचा आवाज आला असंल की. कधीपास्नं?"

"दोन आठवडे झाले. मी सांगितलं होतं की तुम्हाला."

ते माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हते, ओठांकडं बघत होते.

"पुन्हा सांग. हळू सांग."

तेव्हा मला कळलं. वहिनी म्हणायच्या, हल्ली बोलतच न्हाईत घरात. फोन केला तर उचलायचे नाहीत. मोठेपणा आलाय म्हणून मीही चारचौघांत हसलो होतो.

"डावा जाऊन दोन वरसं झाली," दादा म्हणाले. "उजवा यंदा गेला."

"मग बोलला का न्हाईत?"

"बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणील?"

त्या दिवशी पाठीमागं मी जे बोललो ते त्यांनी गिळलं नव्हतं, त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं. माफी मागायची तर तेच शब्द आता मोठ्यानं ओरडून सांगावे लागले असते. ते माझ्याच्यानं झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसा गेल्यात, इतकी वर्षं इंजिनाच्या गोंगाटात उभं राहून. कानाचं मशीन दिलं. गॅरेजमध्ये ते लावलं की हातोडा, हॉर्न, इंजिन सगळं एकच होऊन डोक्यात शिरायचं. चार दिवसांत त्यांनी ते काढून डबीत ठेवलं.

माझं इंजिन मात्र त्यांनीच बांधलं. क्रँक घासून आणला, बेअरिंग नवे, पंप नवा. प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला. चालू करायच्या वेळी मला स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः इंजिनवर तळहात ठेवून उभे राहिले.

"काटा?"

मी अंगठा दाखवला. काटा मधोमध, स्थिर.

"आवाज?"

"चांगलाय," मी ओरडलो.

"चांगला म्हंजी कसा?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण इंजिनच्या आवाजाला माझ्याजवळ शब्दच नव्हते. ते माझ्या ओठांकडं बघत थांबले. मग हातानंच 'बंद कर' म्हणाले आणि हात पुसायला आत गेले.

ते त्यांनी बांधलेलं शेवटचं इंजिन. दिवाळीच्या आत शटर ओढलं, पाने-पक्कड सगळं उमरग्याच्या एका मिस्त्रीला देऊन टाकलं. आता ते सास्तूरला असतात, सोयाबीन बघतात. मी गेलो की आधी समोर जाऊन उभा राहतो, नाहीतर दचकतात. कधी पिकअपमधून लोहाऱ्याला येतात माझ्याबरोबर. शेजारी बसून बाहेरची रानं बघत असतात. मी काही बोलत नाही. गाडी चालवताना त्यांच्याकडं तोंड वळवून बोलता येत नाही.